सगळ्यांना दिसेल असं लग्न

५ जानेवारी

काका,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू "हो हो, बघू" म्हणतोस, तेवढ्यात तुझ्या मागून कुणीतरी "लाइट घ्या" म्हणून ओरडतं आणि आपलं बोलणं तिथंच संपतं. कागद निदान तुझ्या खिशात राहील, शर्ट धुवायला पडेपर्यंत तरी.

लग्न ठरलं. तेवीस मार्च, रविवार, सकाळी अकरा. बॅडमिंटन क्लबचा जुना हॉल मिळालाय. लाकडी जमीन, उंच खिडक्या. सह्या करायच्या, जेवायचं, चार लोकांनी चार शब्द बोलायचे, एवढंच.

मुलगा तोच. आमच्या वाचनालयात लहान मुलांच्या विभागाची कपाटं ज्याने केली, तो. खालचा कप्पा त्याने मुद्दाम तिरका ठेवला होता, म्हणजे रांगणाऱ्या पोरांनाही पुस्तकांची नावं दिसतील. कपाट बघून मी विरघळले आणि मग दोन वर्षं त्याची हातांची भाषा शिकले. त्याला जन्मापासून अजिबात ऐकू येत नाही. तो स्वतःला सरळ बहिरा म्हणतो, बाकीचेच शब्द शोधत बसतात. बहिऱ्या मुलांना सुतारकाम शिकवतो म्हणून मी त्याला मास्तर म्हणते.

आता अडचण. सजावटवाल्याने एक जाडजूड अल्बम दाखवला. राजवाडा, समुद्रकिनारा, जुना काळ, जंगल, सगळं पांढरं. सहावा प्रकार होता 'तुमचं स्वतःचं', आणि त्या पानावर दुसऱ्याच कुणा जोडप्याचे फोटो. एकही पान आमच्यासारखं नाही. काका, मला ह्या लग्नाला एक रूप हवंय. दारातून आत पाऊल टाकल्यावर कळावं की हे ह्या दोघांचं लग्न आहे.

आणि बाबांनी काय केलं? कुणाला न विचारता पहिल्याच दिवशी बँड ठरवून टाकला. चौदा माणसं आणि माणसाएवढे दोन स्पीकर. नवरा बहिरा आणि दारात बँड. ऑक्टोबरमध्ये मास्तर पहिल्यांदा घरी आला, तेव्हापासून बाबा त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. आई म्हणते, "होईल सगळं नीट," आणि स्वयंपाकघरात निघून जाते.

उजेड तू करायचास. आणि जमलं तर बाबांच्या डोक्यातही थोडा.

तुझी,
ठिणगी


१२ जानेवारी

ठिणगे,

पत्र खिशातच आहे आणि शर्ट अजून धुतलेला नाही. ह्यात तुझ्या पत्राचा मान किती आणि माझा आळस किती, ते विचारू नकोस.

बातमी वाचून मी स्टेजमागच्या शिडीवरच बसून राहिलो. खाली नट खोळंबले होते. म्हटलं, थांबा, पुतणीचं लग्न आहे.

तर ऐक. रूप मी देतो. सगळा हॉल काळ्या पडद्यांनी झाकायचा, खिडक्यासुद्धा. मिट्ट काळोख. लोक येऊन बसतील, कुजबुजतील, मग गप्प होतील. आणि वरून एकच झोत, त्यात तुम्ही दोघं. मागून हळूहळू गुलाबी, मग तांबूस. सह्या होईपर्यंत निळा. माझ्याकडे धुराचं एक यंत्र आहे, माझ्यासारखंच खोकतं पण चालतं. पायाशी थोडा धूर सोडू. तीस वर्षं दुसऱ्यांच्या राजाराण्यांवर उजेड टाकला, एकदा घरच्या माणसांवर टाकू दे.

बँडचं म्हणशील तर सोडून दे. दोनशे यंत्रमागांच्या शेडमध्ये ज्याने फिटर म्हणून जन्म काढला, त्याला शांतता मानवत नसेल. दादाचं हल्ली मला काही कळत नाही. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला मी फोन केला. म्हटलं, "दादा, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर घरात पडून होतो." तर म्हणाला, "छान, छान. अशीच प्रगती होऊ दे." आणि ठेवून दिला. तेव्हापासून मी फोन केलेला नाही. रागाने नाही. म्हणजे, थोडा रागानेच.

तीन वर्षांत घरी का आलो नाही, असं वहिनी विचारत असतील. मागच्या वेळी मी जेवताना अर्धा तास माझं रडगाणं सांगितलं आणि दादा सगळं झाल्यावर म्हणाला, "पाऊस येईलसं वाटतं." मोठा भाऊ आहे, काय बोलणार.

काळ्या कापडाचं माप पाठव.

तुझा काका


१९ जानेवारी

काका,

ऑपरेशन झालं आणि मला सांगितलं नाहीस, ह्याबद्दल वेगळं भांडेन. गुडघा आता कसा आहे ते आधी लिही.

तुझा बेत वाचताना मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. अरे, काळोख केलास तर आम्ही मुके होऊ.

गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला मी मोठ्या हौसेने मास्तरला एका हॉटेलात नेलं. टेबलावर एक मेणबत्ती, बाकी सगळं अंधुक. आजूबाजूला जोडपी गुलूगुलू बोलत होती आणि आम्ही दोघं अनोळखी माणसांसारखे ताटात बघत बसलो. मला त्याचे हात दिसेनात, त्याला माझा चेहरा. शेवटी तो मला बाहेर घेऊन आला आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली आम्ही तासभर उभ्याने बोललो. आमच्यात उजेड गेला की बोलणं गेलं. त्याच्याकडून चाळीसएक माणसं येणार आहेत, त्यातली तीसजण बहिरी. तुझ्या एका झोतात आम्ही दोघं दिसू, पण त्यांना एकमेकांशी बोलता कसं येणार?

बाबांबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. ऑक्टोबरमध्ये मास्तर आला तेव्हा पहिली दहा मिनिटं बरी गेली. मी चहा आणायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तर बाबा पायात चपला सरकवून दाराबाहेर पडत होते. चेहरा लालबुंद. दोन तासांनी परत आले आणि म्हणाले, "काम होतं." मी मास्तरला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, थकले असतील. तो बाबांविरुद्ध एक अक्षर काढत नाही आणि मला तेच जास्त लागतं. जावई बहिरा आहे ह्याची ज्यांना एवढी लाज वाटते, ते लग्नात त्याच्या शेजारी उभे कसे राहतील?

एक काम कर. मास्तर ज्या शाळेत शिकला ती तुझ्याच शहरात आहे, कालव्याच्या पलीकडे. जेवणाच्या सुट्टीत एकदा जाऊन बस. त्याच्या जुन्या बाईंना मी कळवलंय. बघून ये, मग कापड मोज.

ठिणगी


२ फेब्रुवारी

ठिणगे,

गुडघा बरा आहे. शिडी चढतो, उतरताना देव आठवतो.

शाळेत जाऊन आलो, एकदा नाही, तीनदा. आधी माझा मूर्खपणा कबूल करतो. मला वाटलं होतं, तिथं शांतता असेल. अगं, काय तो गोंगाट. बाकं सरकतायत, डबे आपटतायत, पोरं खदाखदा हसतायत, कुणाला आवाजाची फिकीरच नाही. त्या सगळ्या खोलीत एकटा मीच मुका होतो. शंभर पोरं बडबडत होती आणि मला एक शब्द कळत नव्हता. मग एका मुलीला माझी दया आली आणि तिने मला 'भात संपला' ची खूण शिकवली.

जेवायची टेबलं गोल. मी बाईंना विचारलं, जागा वाचवायला का? त्यांनी पाटीवर लिहून दिलं, "लांबट टेबलावर शेजारच्याच्या शेजारचा दिसत नाही. दिसत नाही तो पंगतीत नाही." टेबलावर पाण्याचे उंच जगसुद्धा नाहीत, मध्ये येतात. सुट्टी संपली तेव्हा बाईंनी दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं, सगळी डोकी वर. मग त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. अंगात साधा गडद निळा झगा, त्यावर नक्षी नाही, ठिपका नाही, आणि त्या निळ्यावर त्यांचे हात असे उठून दिसत होते की मी तीस वर्षांत कुठल्या नटाचे हात तेवढे नीट दाखवले नसतील. त्यांनी गोष्ट सांगितली. कोल्हा होता एवढं मला नक्की कळलं.

परत येताना बसमध्ये तिकिटाच्या मागे तुझं लग्न काढलं. हे बघ.

काळं कापड रद्द, धूर रद्द. तुझ्या हॉलच्या खिडक्या व्यासपीठामागे आहेत ना? मग तिथं उभं राहणाऱ्याचा चेहरा कायम सावलीत जाणार. म्हणून सगळा हॉल उलटा फिरवायचा. तुम्ही दोघं दाराच्या बाजूला, तोंड खिडक्यांकडे. कमी पडेल तो उजेड मी दोन्ही अंगांनी देईन, तिरका आणि मऊ. गोल टेबलं, आठ-आठ माणसांची. फुलं असू देत, पण हनुवटीच्या खाली राहतील अशीच. मास्तरला सांग, पोरांकडून बुटके लाकडी दिवे करून घे, दर टेबलावर एक. खालून हातांवर उजेड येईल. नकाशा सोबत जोडलाय. समोर येऊन जो बोलेल त्याने गडद निळं घालायचं, तुझ्या आईपासून माझ्यापर्यंत. मागची भिंत कोरी. आणि पत्रिकेवर तारीख, वेळ, पत्ता आणि खाली एकच ओळ: 'बोलताना समोरच्याकडे बघा.'

सजावटवाला ह्याला काय म्हणेल ते म्हणू दे. तुम्ही दोघं रोज असेच तर बोलता. तेच रूप.

आठ तारखेला, शनिवारी, माप घ्यायला येतोय. एक दिवा बरोबर आणतो, घरीच चेहऱ्यावर टाकून बघेन. बँडचं दादाशी मी बोलतो. वहिनींना सांग, येतोय.

तुझा काका


१३ फेब्रुवारी

काका,

मी मुद्दाम चार दिवस थांबले, राग उतरेल म्हणून. उतरला नाही.

शनिवारी सकाळी तू आणि मी हॉलमध्ये टेप धरून पळत होतो, तू मास्तरच्या दिव्याच्या नमुन्याला दहापैकी नऊ गुण दिलेस, मी किती खूश होते. संध्याकाळी माझी वाचनालयाची पाळी होती. आठ वाजता घरी आले तर पुढच्या खोलीत तुझा दिवा मधोमध जळतोय, बाबा आतल्या खोलीत दार लावून बसलेले आणि तू खिडकीशी, डोळे सुजलेले. "डोकं दुखतंय" म्हणालास. सकाळी मी उठायच्या आत पहिल्या बसने निघूनही गेलास.

तेव्हापासून बाबा कुणाशी बोलत नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. बँड तसाच आहे. आईला विचारलं तर म्हणते, "त्या दोघा भावांचं आहे, तू मध्ये पडू नकोस." कसली मध्ये पडू नकोस? लग्न माझं आहे ना?

काय बोलणं झालं तुमचं? तूही त्यांच्या बाजूचा झालास का? तसं असेल तर सरळ लिही. मी मास्तरला म्हटलं, हॉल नको, दिवे नको, कचेरीत जाऊ आणि दोन साक्षीदार घेऊन सह्या करू. तो जाऊन एका फळीवर रंधा मारत बसला. इतका वेळ मारला की फळीची पट्टी झाली.

ठिणगी


१६ फेब्रुवारी

ठिणगे,

मी एक शब्द दिलाय आणि तो मोडता येत नाही. तुझ्या बाजूचा आहे, त्याच्याही आहे, आणि ह्या वेळी त्या दोन बाजू नाहीत. माझ्यावर हवं तेवढं रागाव, पत्रात शिव्या घाल, मी जपून ठेवीन.

हॉल मात्र रद्द करू नकोस. आठ दिवस थांब. माझ्यासाठी थांब.

काका


२० फेब्रुवारी

मुली,

तू पलीकडच्या खोलीत आहेस आणि मी पत्र लिहितोय, ह्याचं तुला नवल वाटेल. समोर बसून सांगितलं असतं तर तू मध्ये प्रश्न विचारले असतेस. ते मला ऐकू आले नसते. म्हणून लिहून तुझ्या पिशवीत ठेवतोय.

मला ऐकू येत नाही. उजव्या कानाने काहीच नाही, डाव्याने थोडं, तेही जवळून. सहा-सात वर्षं झाली असतील.

शेडमध्ये दोनशे माग चालू असले की तिथं कुणालाच काही ऐकू यायचं नाही. आम्ही ओठ बघून बोलायचो. खुणा होत्या. धागा तुटला, पट्टा सैल आहे, साहेब येतोय. साहेबाची खूण तुला सांगण्यासारखी नाही. त्यामुळे कामावर असेपर्यंत मला कळलंच नाही की माझ्यात बिघाड झालाय. निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हा कळलं. आधी वाटलं, लोक हळू बोलायला लागलेत. मग फोन घ्यायचा टाळायला लागलो. समोरच्याचं तोंड दिसलं की निभतं. चार माणसं एकदम बोलायला लागली की संपलं.

तुझे मास्तर आले त्या दिवशी मी असाच सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते माझ्याकडे बघत होते. तू चहा आणायला आत गेलीस. त्यांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं, माझ्याकडे दाखवलं आणि भुवया उचलल्या. चेष्टा नव्हती. एक फिटर दुसऱ्याला विचारतो ना, कुठलं यंत्र बंद आहे, तसं विचारलं. पण मी पकडला गेलो. घरात जे कुणाला कळलं नाही ते ह्या माणसाने दहा मिनिटांत ओळखलं. मी उठून चालता झालो.

तुला वाटलं, मला त्यांची लाज वाटते. मी तसं वाटू दिलं. ते सोपं होतं. माझ्याकडून जे चुकलं ते हे. बाकी कान जाणं ही माझी चूक नाही.

बँडचंही सांगतो. बँड वाजायला लागला की कुणालाच ऐकू येत नाही. सगळे नुसत्या माना हलवतात. मीही हलवली असती. तुझ्या लग्नात दोनशे माणसं माझ्याशी बोलायला येणार, आणि मी वेड्यासारखी भलतीच उत्तरं देणार, ही भीती होती. तेव्हा मी फक्त स्वतःचाच विचार केला.

तुझ्या काकाने दिवा लावून माझ्यासमोर बसून पाहिलं. त्याच्या तोंडावर उजेड होता तोवर आमचं बोलणं नीट चाललं होतं. मग त्याने दिवा पाठीमागे नेला आणि काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हो, दिवा चांगला आहे." त्याने दिवा पुढे आणला आणि तेच परत विचारलं. तो विचारत होता, रक्तदाबाची गोळी घेतलीस का. असं त्याने तीनदा केलं, बटण तपासल्यासारखं. मग खाली जमिनीवर माझ्या पायाशी येऊन बसला. म्हणाला, "दादा, कधीपासून?" त्याचा गुडघा कापला होता हे मला त्या दिवशी कळलं. माझा धाकटा भाऊ महिनाभर अंथरुणात होता आणि मी त्याला प्रगती कर म्हणालो. कुणाला सांगणार नाही असं त्याच्याकडून वचन घेतलं. तो गेल्यावर दहा दिवस मी गॅलरीत बसलो.

काल मास्तरांच्या कार्यशाळेत गेलो. ते पोरांना लाकडाचे जोड शिकवत होते. मी दारात उभा राहून आमच्या शेडमधली 'यंत्र बंद' ची खूण केली आणि कानाकडे बोट दाखवलं. त्यांना लगेच कळलं. स्टूल दिलं. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत बसलो होतो. त्यांनी त्यांच्या खुणा दाखवल्या, मी आमच्या. सैल पट्ट्याची त्यांची चांगली आहे, साहेबाची आमचीच. पोरं हसून हसून बेजार झाली.

चार महिने तू त्यांच्यासमोर मला बोल लावत होतीस आणि त्यांनी तुला काही सांगितलं नाही. मी कागदावर विचारलं, का? त्यांनी लिहिलं, "गोष्ट तुमची होती. मी कोण सांगणार?" तो कागद मी ठेवलाय.

तुझ्या आईलाही आज सांगितलं. ती म्हणाली, "मला तीन वर्षांपासून माहीत आहे. मी बोलताना खिडकीकडे तोंड करून का उभी राहते, असं वाटलं तुम्हाला?"

बँड आज रद्द करतो. लग्नात मला सगळ्यांचे चेहरे दिसतील अशा ठिकाणी बसव. तुला मान्य असेल तर.

बाबा


२१ फेब्रुवारी

बाबा,

हे तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवतेय, म्हणजे पेपर वाचायला बसाल तेव्हा सापडेल.

मान्य आहे. ह्यापुढे मी स्वयंपाकघरातून ओरडून बोलणार नाही, समोर येऊन बोलेन. आत्तापर्यंत तुम्ही माझ्या बोलण्याला उत्तर दिलं नाही म्हणून मी किती वेळा दार आपटलं, ते आठवून काल रात्री उशी भिजली. दार आपटलेलंही तुम्हाला ऐकू आलं नसेल, तेवढंच बरं.

बँड रद्द करू नका. मास्तरचा निरोप आहे. त्याचे मित्र रुसतील. तुताऱ्या आणि स्पीकर नकोत, पण मोठा ड्रम हवाच. जमीन लाकडी आहे, त्यांना तो पायांतून ऐकू येतो.

तुमच्या पायांनाही येईल. बघा तर.

तुमची मुलगी


२७ मार्च

काका,

तू शिडीवर दिव्यांमागे होतास, आणि तिथून तुला सगळ्यांच्या टाळूच दिसल्या असणार. शिवाय लगेच दुसऱ्या दिवशी तुझा प्रयोग, म्हणून जेवण घाईत उरकून पळालास. तेव्हा पुढून काय दिसलं ते लिहिते.

दारातून आत येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा गोंधळत होता. व्यासपीठ उलट्या बाजूला, भिंत कोरी, कुठे झालर नाही. मग खुर्चीत बसला की त्याला समोरची सात माणसं दिसायची, आणि त्या बुटक्या दिव्यांनी सगळ्यांचे चेहरे असे उजळले होते की बघितल्यावाचून राहवेना. आमच्या वाचनालयाच्या मुख्य बाई, ज्या कुणाच्या नजरेला नजर देत नाहीत, त्या मास्तरच्या मित्राशी तासभर हातवारे करून बोलत होत्या. काय बोलत होत्या ते दोघांपैकी कुणाला नक्की माहीत असेल असं वाटत नाही, पण दोघंही तृप्त दिसत होते. आई निळ्यात इतकी सुंदर दिसत होती की मास्तरने मला सांगितलं, तू म्हातारी झाल्यावर अशी दिसणार असशील तर माझी काही तक्रार नाही.

ड्रम वाजला तेव्हा तू हसताना दिसलास मला. तीस माणसांनी चपला काढून ठेवल्या होत्या. बाबांनीही.

पण मुख्य सांगायचंय ते वेगळंच. तुझ्या दिव्याच्या दोन उघडझापांनंतर मास्तरच्या शाळेच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या, आठवतं? त्यांनी मास्तरने केलेल्या पहिल्या स्टुलाची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांचा होता. चारही पाय वेगवेगळ्या लांबीचे. बाई त्यावर बसल्या आणि डुगडुगल्या, तर हा म्हणाला, स्टूल बरोबर आहे, शाळेची जमीनच वाकडी आहे. माझी मैत्रीण बाईंच्या शेजारी उभी राहून ते बोलून सांगत होती, पण तिचं बोलणं बाईंच्या हातांच्या मागून येत होतं. त्यामुळे बहिरी मंडळी आधी हसायची आणि ऐकणारी मंडळी नंतर.

बाई स्टुलावर डुगडुगल्या, तेव्हा पहिलं हसू फुटलं, त्यात बाबा होते. डोकं मागे टाकून हसले. मैत्रिणीने अजून तोंडही उघडलं नव्हतं. मागच्या टेबलांवरची सगळी ऐकणारी माणसं गप्प बसून वाट बघत होती, आणि माझे बाबा हसून मोकळेही झाले.

आईने टेबलाखाली माझा हात धरला. इतका घट्ट की अंगठी रुतली. म्हणाली, "किती वर्षं झाली, तुझे बाबा लोक हसल्यावरच हसतात. कुणी हसलं का ते आधी बघून घेतात. मी रोज बघते."

तिने डोळे पुसले. मीही पुसले. मास्तरने आमच्याकडे बघून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. थकलोय.

परवापासून घर पुन्हा रोजच्यासारखं आहे. बाबा रोज सकाळी कार्यशाळेत जातात, पोरांची यंत्रं दुरुस्त करून देतात आणि शेडमधल्या एकेक वाईट खुणा शिकवून येतात. शाळेकडून तक्रार येईपर्यंत चालेल. येत्या मंगळवारी कान तपासायला जायचंय. वेळ घेतली, कागद जमवले, मी रजाही टाकली. तर काल बाबा म्हणाले, मास्तर येतोय माझ्याबरोबर, तू नको येऊस.

मी विचारलं, "का?"

म्हणाले, "तू फार बोलतेस."

तुझी,
ठिणगी